पावती म्हणजे परवाना नव्हे



‘घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून’ असे आपली जुनी माणसे सांगत आली. दिवाळी आटोपली, भाताची मळणी उरकली की खानापूर तालुक्यात बांधकामाचा हंगाम सुरू होतो. खडी-वाळूच्या गाड्या फिरू लागतात, गवंड्यांना मागणी येते. मे अखेरपर्यंत स्लॅब तरी पडला पाहिजे किंवा कौले तरी चढली पाहिजेत, कारण जूनमध्ये कणकुंबी-जांबोटीकडून येणारा पाऊस कोणाची वाट पाहत नाही. या धांदलीत सिमेंटच्या पोत्यांचा आणि सळीच्या वजनाचा हिशेब आपण चोख ठेवतो. कागदांचा हिशेब मात्र ‘बघू नंतर’ म्हणून मागे पडतो, आणि तोच पुढे दहा-पंधरा वर्षांनी आपल्या मुलांना भोवतो.

बांधकाम परवान्यासाठी पैसे कशाकशाचे भरावे लागतात आणि काम संपल्यावर काय करावे लागते, याबद्दल पालकांच्या मनात बराच गोंधळ असतो. म्हणून या अंकात या विषयाची सरळ माहिती देण्याचे आम्ही ठरविले. तीन कागद लक्षात ठेवले तर सगळे लक्षात राहते : पावती, परवाना आणि पूर्णत्वाचा दाखला. पावती म्हणजे पैसे पोचल्याची खूण. परवाना म्हणजे बांधायला दिलेली संमती. पूर्णत्वाचा दाखला म्हणजे संमतीप्रमाणेच बांधले याची खात्री. पहिला कागद हाती आला की काम झाले असे समजणारे पुष्कळ आहेत. खरे तर ती सुरुवात आहे.

कोणाच्या दारात जायचे?

खानापूर शहराच्या हद्दीत घर असेल तर अर्ज नगरपंचायतीकडे, म्हणजे कानडीत ज्याला पट्टण पंचायत म्हणतात तिच्याकडे करायचा. तिथे कर्नाटक नगरपालिका कायदा, 1964 लागू आहे. त्याच्या 187 व्या कलमाप्रमाणे नवे घर बांधण्यापूर्वी कळवून परवानगी घ्यावी लागते. नंदगड, जांबोटी, गुंजी, इटगी, बिडी, हलशी अशा गावांतल्या लोकांनी आपापल्या ग्रामपंचायतीत जायचे. तिथे कर्नाटकचा 1993 चा पंचायत राज कायदा आहे आणि त्याचे 64 वे कलम बांधकामाविषयी आहे. शहरात मुख्याधिकारी व इंजिनिअर यांच्याशी काम पडते, गावात पीडीओंशी. बऱ्याच ग्रामपंचायतींत बापूजी सेवा केंद्रात अर्ज स्वीकारले जातात.

काही ठिकाणी एवढ्यावर भागत नाही. मिरज-लोंढा रेल्वेमार्गाच्या हद्दीजवळ घर असेल तर रेल्वेचा ना-हरकत दाखला लागतो. बेळगाव-खानापूर-अनमोड महामार्गालगत रस्त्यापासून ठराविक अंतर सोडावे लागते. भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झाले. त्याच्या आतल्या व लगतच्या गावांत वनखात्याचे नियम वेगळे आहेत. आपली जागा यांपैकी कशात बसते हे अर्ज करण्याआधीच विचारून घ्यावे, म्हणजे पैसे भरल्यावर फाइल अडकत नाही.

आधी जमीन, मग घर

घराचा परवाना जमिनीच्या कागदावर उभा असतो. जागा गावठाणातली असेल तर बिनशेतीचा प्रश्न येत नाही. शेतजमीन असेल तर कर्नाटक जमीन महसूल कायदा, 1964 च्या 95 व्या कलमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडून ती आधी बिनशेती करून घ्यावी लागते. शेतात प्लॉट पाडून विकलेले असतील तर त्या ले-आउटला नगररचना खात्याची मंजुरी आहे का, हे पाहणे खरेदीदाराचे काम आहे. ‘सगळ्यांनी घेतलेत’ हे काही मंजुरीचे उत्तर नव्हे.

ग्रामपंचायत हद्दीतल्या मालमत्तेची संगणकीय नोंद ‘ई-स्वत्तु’ मध्ये होते. कायदेशीर गावठाणातल्या किंवा बिनशेती झालेल्या जागेला नमुना 9 आणि नमुना 11-अ मिळतो. नियमात न बसणाऱ्या मालमत्तेची नोंद 11-ब मध्ये होते. दोन्ही कागद दिसायला सारखेच, पण किंमत सारखी नाही. शहरी भागात हेच काम ‘ई-आस्ती’ प्रणालीतून होते व ई-खाता मिळतो. जागा अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसा करून घ्यावा. चार भावांपैकी एकाने अर्ज केला आणि बाकी तिघांची संमती जोडली नाही, तर पुढे परवान्याबरोबर भाऊबंदकीही वाढते.

पैसे कशाकशाचे?

कार्यालयातून आकडा सांगितला जातो आणि आपण तो भरून मोकळे होतो. पण तो आकडा अनेक रकमांची बेरीज असतो. साधारणपणे त्यात पुढील बाबी येतात :

1. अर्ज व नकाशा तपासणीचे शुल्क.
2. परवाना शुल्क. हे बांधकामाच्या क्षेत्रफळावर असते, आणि राहत्या घरापेक्षा दुकानगाळ्याला दर जास्त असतो.
3. विकास किंवा सुधारणा शुल्क.
4. रस्त्याकडेला विटा-वाळू टाकायची असल्यास त्या जागेचे भाडे. नळ किंवा गटारासाठी रस्ता खोदायचा असल्यास त्याची वेगळी रक्कम.
5. नळजोडणीची अनामत.
6. मागची घरपट्टी व पाणीपट्टी. ही थकली असेल तर फाइल पुढे सरकत नाही.
7. बांधकाम कामगारांसाठीचा उपकर.

दर त्या-त्या पंचायतीने ठरविलेले असतात व वेळोवेळी बदलतात. म्हणून शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी काय भरले यावर न जाता चालू दरपत्रक पाहावे. एकूण रकमेची फोड लिहून मागावी. असे विचारण्यात संकोच नको. आपल्या पैशाचा हिशेब विचारणे म्हणजे कोणावर संशय घेणे नव्हे.

सातव्या बाबीविषयी थोडे अधिक. 1996 साली केंद्र सरकारने कायदा करून बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का कामगार कल्याण उपकर बसविला. स्वतःला राहण्यासाठी बांधलेले घर 10 लाख रुपयांच्या आत असेल तर त्यातून सूट होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली आणि तिच्यात स्वतःच्या राहत्या घरासाठी ही मर्यादा 50 लाख करण्यात आली. म्हणून साध्या राहत्या घराच्या चलनात हा उपकर लावलेला दिसला, तर तो कोणत्या नियमाने लावला हे नम्रपणे विचारावे. दुकानगाळ्यांना ही सूट नाही. 30 लाखांचे गाळे बांधले तर 1 टक्क्याप्रमाणे 30 हजार रुपये होतात.

हा पैसा जातो कुठे? तो बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे जातो. आपल्या शाळेतल्या अनेक मुलांचे वडील गवंडी, सेंट्रिंगवाले, सुतार, रंगारी आहेत. 18 ते 60 वर्षे वयाच्या ज्या कामगाराने मागील वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केले आहे, त्याला या मंडळात नाव नोंदविता येते. नोंदणी असलेल्यांच्या मुलांना शिक्षणासाठी साहाय्य मिळते. एकाच्या घराच्या पैशातून दुसऱ्याच्या मुलाची वह्या-पुस्तके येतात, अशी ही सोय आहे. ज्या पालकांनी अद्याप नोंदणी केली नसेल त्यांनी ती जरूर करावी.

पैसे शक्यतो बँकेतून किंवा ऑनलाइन चलनानेच भरावेत. हातात रोख दिली आणि ‘पावती उद्या देतो’ असे ऐकून घरी आलात, तर तो ‘उद्या’ कधी उगवेल याचा भरवसा नाही. मध्यस्थामार्फत काम करून घेत असाल तरी पावती घरमालकाच्या नावाचीच हवी.

पावतीनंतर काय?

पावती मिळाली म्हणून पाया खोदू नये. अर्ज, नकाशा व कागद तपासले जातात, जागेची पाहणी होते आणि मग शिक्क्याचा नकाशा व परवाना हातात येतो. त्यावर क्रमांक, मंजूर मजले, चारी बाजूंना सोडायची जागा आणि मुदत लिहिलेली असते. मुदतीत काम झाले नाही तर नूतनीकरण करावे लागते. बँकेचे गृहकर्ज हवे असेल तर बँकही हाच मंजूर नकाशा मागते.

फाइल विनाकारण पडून राहू नये यासाठी कर्नाटकात ‘सकाल’ कायदा, 2011 आहे. बांधकाम परवाना ही त्यातली एक सेवा आहे. अर्ज दिल्यावर ‘सकाल’चा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. त्यावरून अर्ज कुठे आहे ते कळते. ठरलेल्या मुदतीत काम झाले नाही तर वरिष्ठांकडे दाद मागता येते, आणि दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये भरपाई मागण्याचीही तरतूद आहे. रक्कम लहान आहे, पण क्रमांक हातात असला की नागरिकाचा शब्द वजनदार होतो.

येथे एक सावधगिरीची सूचना. आपली सोयरीक चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडे आहे. तिकडचे पाहुणे येतात आणि म्हणतात, “आमच्याकडे कागद दिले, पैसे भरले, झाले!” ते खोटे सांगत नाहीत. महाराष्ट्रात 2021 साली ग्रामीण भागातल्या सुमारे 1600 चौरस फुटांपर्यंतच्या घरांसाठी तशी सवलत देण्यात आली. मालकीचे कागद, आराखडा, अभियंत्याचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत द्यायचे व शुल्क भरायचे, असा तो नियम आहे. पण तो महाराष्ट्राचा नियम. भाषा एक, देव एक, रोटीबेटी एक असली तरी आपले घर 1 नोव्हेंबर 1956 पासून ज्या राज्यात आहे, त्याच राज्याचा बांधकाम कायदा त्याला लागू होतो. पाहुण्यांचा सल्ला ऐकावा, परवाना मात्र इथलाच घ्यावा.

शेवटचा आणि सर्वांत विसरला जाणारा कागद

वास्तुशांती झाली, जेवणावळी उठल्या, की घर पूर्ण झाले असे आपण मानतो. कागदोपत्री मात्र ते अपुरेच असते. काम संपल्याचे पंचायतीला लेखी कळवायचे, पाहणी करून घ्यायची आणि पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला घ्यायचा, ही शेवटची पायरी आहे. मंजूर नकाशात तळमजला आणि प्रत्यक्षात वर दोन खोल्या चढविल्या असतील तर अडचण इथेच उभी राहते. बदल करायचाच असेल तर स्लॅब टाकण्यापूर्वी सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा. कागदावरची भिंत खोडून सरकवता येते, विटांची भिंत पाडावी लागते.

या दाखल्याचे महत्त्व अलीकडे फार वाढले आहे. 17 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील मेरठच्या एका प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले. मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी लावावा, पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहूनच वीज व पाण्याची जोडणी द्यावी, आणि बँकांनीही तो पाहूनच कर्ज द्यावे, असे त्यात सांगितले आहे. त्यानंतर कर्नाटकात कायम वीजजोडणीसाठी हा दाखला मागितला जाऊ लागला. लहान राहत्या घरांसाठी राज्य सरकारने पुढे सवलतीही जाहीर केल्या. आपले घर सवलतीत बसते का हे हेस्कॉमच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

‘आज बांधू, पुढे दंड भरून कायम करून घेऊ’ असेही काहीजण म्हणतात. अक्रम-सक्रम योजनेची आशा लोकांना बरीच वर्षे दाखविली गेली. शहरी बांधकामांच्या त्या योजनेला जानेवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. येणाऱ्या सवलतीच्या भरवशावर आयुष्याची पुंजी लावणे शहाणपणाचे नाही.

दाखला घेतल्यावर घराची कर-आकारणी होते आणि उताऱ्यावर रिकाम्या जागेऐवजी घर अशी नोंद येते. ऑगस्ट 2019 मध्ये मलप्रभेला पूर आला, बेळगाव जिल्ह्यात हजारो घरे पडली. पूर्ण पडलेल्या घरांसाठी सरकारने 5 लाख रुपयांची मदत जाहीर केली होती. अशा वेळी अधिकारी पहिला प्रश्न विचारतात, “घराचा उतारा कोठे आहे?” भिंत वाहून गेल्यावर ती होती हे सांगणारा तो एकच साक्षीदार उरतो.

विश्वस्त मंडळासाठी दोन शब्द

घराबद्दल जे सांगितले ते शाळेच्या इमारतीला दुप्पट लागू आहे. 16 जुलै 2004 रोजी तामिळनाडूत कुंभकोणम येथे शाळेला आग लागून 94 मुले मृत्युमुखी पडली. त्या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर 13 एप्रिल 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सुरक्षित इमारतीत शिकणे हा मुलाच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे असे त्यात म्हटले असून, शाळांनी राष्ट्रीय इमारत संहितेतील सुरक्षा नियम पाळावेत व अग्निशामक उपकरणे ठेवावीत असे बंधन घातले. आपल्या शेजारच्या धारवाडमध्ये 19 मार्च 2019 रोजी बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळून 19 जणांचा जीव गेला. कागद मजबूत असला म्हणजे खांब आपोआप मजबूत होतो असे नाही. पण कागद करताना इंजिनिअर नकाशा पाहतो, पाया पाहतो, लोखंड मोजतो. ती पाहणी टाळली तर चूक पकडणारा डोळाच उरत नाही.

देणगीदारांच्या पैशाने एखादी वर्गखोली वाढवायची म्हटली की उत्साहात काम लगेच सुरू करावेसे वाटते. देणगीच्या अंदाजपत्रकातच परवाना शुल्क, उपकर आणि अग्निसुरक्षेचा खर्च धरावा. 1 कोटीच्या इमारतीवर केवळ उपकरच 1 लाख रुपये होतो. तो शेवटी आठवला तर बाकांच्या पैशातून भरावा लागतो. मान्यता नूतनीकरणाच्या वेळी इमारतीच्या सुरक्षिततेचे दाखले द्यावे लागतातच, तेव्हा ते एका फाइलमध्ये वर्षवार लावून ठेवावेत.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमचे

पंचायतीचे अर्ज, नोटिसा, पावत्या कानडीत असतात. घरातल्या आजी-आजोबांचे शिक्षण मराठीत झालेले. ‘इथे सही करा’ म्हटले की ते सही करतात. तुम्ही मात्र शाळेत कानडी शिकता. तेव्हा घरात असा कागद आला तर तो मोठ्याने वाचून दाखवा व अर्थ सांगा. काही शब्द देतो : ‘कट्टड’ म्हणजे इमारत, ‘निवेशन’ म्हणजे प्लॉट, ‘चक्कुबंदी’ म्हणजे चतुःसीमा, ‘विस्तीर्ण’ म्हणजे क्षेत्रफळ, ‘उद्द’ म्हणजे लांबी, ‘अगल’ म्हणजे रुंदी, ‘चदर अडी’ म्हणजे चौरस फूट, ‘तेरिगे’ म्हणजे कर, ‘स्वत्तु’ आणि ‘आस्ती’ म्हणजे मालमत्ता, ‘रसीदी’ म्हणजे पावती. आणि ‘परवानगी’ हा शब्द तर दोन्ही भाषांत एकच आहे!

थोडे गणितही करा. 30 फूट बाय 40 फूट प्लॉटचे क्षेत्रफळ 1200 चौरस फूट. 1 चौरस मीटर म्हणजे 10.76 चौरस फूट, म्हणून तो प्लॉट सुमारे 111.5 चौरस मीटर. 1 गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. आता आपल्या घराचा उतारा काढा, त्यावरचे माप घ्या आणि टेप घेऊन प्रत्यक्ष जागा मोजा. पूर्वेला कोणाचे घर लिहिले आहे आणि प्रत्यक्षात कोणाचे आहे, तेही पाहा. फरक आढळला तर आई-वडिलांना सांगा. सुट्टीतला हा एक तासाचा अभ्यास पुढच्या दहा वर्षांचा हेलपाटा वाचवू शकतो.

शेवटी पालकांना एवढीच विनंती, की घराची एक फाइल करावी. तिच्यात जमिनीचा उतारा, बिनशेतीचा आदेश असल्यास तो, मंजूर नकाशा, परवाना, सर्व पावत्या आणि पूर्णत्वाचा दाखला क्रमाने लावावेत व एक झेरॉक्स संच वेगळ्या ठिकाणी ठेवावा. ज्यांचे घर झाले पण दाखला राहिला आहे, त्यांनी या पावसाळ्यापूर्वी एकदा पंचायतीत चौकशी करून यावे. मुलांना आपण घर देतो, शिक्षण देतो. त्याबरोबर नीट लावलेली ही फाइलही द्यावी, म्हणजे आपण गेल्यावर त्यांना कोणाच्या दारात ‘हे घर आमचे’ असे पटवून सांगत बसावे लागणार नाही.